फणीशिवायच्या लाटा

प्रिय आई,

तुला नमस्कार, आणि तुझ्या त्या लाकडी फणीलाही!

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. काल मी काम शिकते त्या पार्लरमध्ये कमरेच्याही खाली पोचणारे केस असलेल्या एक बाई आल्या. त्यांना उन्हाळ्यासाठी सैलसर लाटा हव्या होत्या, मुद्दाम केल्यासारख्या न दिसणाऱ्या. मॅडमनी ओलसर केसांच्या सैल वेण्या घालून वाळवल्या आणि सोडायला मला सांगितल्या. मी सोडल्या, आणि सवयीने वरून फणी फिरवली. तुझीच लेक ना! केसांचा नुसता कापूस झाला.

मॅडम ओरडल्या नाहीत. पाणी फवारून त्यांनी पुन्हा वेण्या घातल्या, वाळल्यावर सोडून नुसती बोटं फिरवली. आई, काय सांगू! वाऱ्यानेच येऊन केल्यासारखे ते केस पाठीवर उतरले. मी हातातला टॉवेल धरून बघतच राहिले. त्या बाईसुद्धा आरशापुढून हलेनात.

दादा फोनवर म्हणाला, उपचार संपल्यावर तुझे केस परत यायला लागलेत, नखाएवढे. खरं ना? की मला बरं वाटावं म्हणून? डोक्यावरचा रुमाल काढून आरशात बघतेस ना?

त्या नव्या केसांना एवढ्यात फणी लावू नकोस. पुढच्या महिन्यात मी येतेय. पहिल्यांदा मी विंचरणार, बोटांनी.

तुझी,
डोकं विंचरताना पळून जाणारी धाकटी