टिकलीखालचं कपाळ

प्रिय संस्कृती,

शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्याखाली हा कागद सापडला की दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत. भामाबाई लेकाकडे पुण्याला निघालीय, तिच्याजवळ सामान देतेय, त्यातच हे सरकवलं. फोनवर बोलले असते, पण आपला फोन म्हणजे चावडीच आहे. तुझी आजी स्पीकर लावायला लावते आणि पप्पा जांभया देत का होईना, सगळं ऐकतात. दहावी झाल्यापासून मी दुधाच्या आणि किराण्याच्या हिशेबाशिवाय काही लिहिलं नाही, तेव्हा वाक्यं पुढंमागं झाली तर सांभाळून घे.

गाय व्याली, कालवड झाली. कपाळावर पांढरा चांद आहे. आजी म्हणाली, लई लकी हाय. मी नुसता चीक काढला.

धारूरहून हरिओमरावांच्या आईचा महालक्ष्म्यांच्या आधी फोन आला होता. साखरपुड्याला किती माणसं, जेवायला काय, सगळं बोलणं झालं. बाई मोकळी आहे, मला आवडली. फोन ठेवताना म्हणाली, "विहीणबाई, मला काई देणंघेणं नको. फक्त तुमी मला आन मी तुमाला आपल्या हातानं कुंकू लावायचं. तुमचं कपाळ बघून मन भरतं माझं." आजीनं माझ्याकडं बघितलं आणि मी आजीकडं. कारण त्या कपाळाचंच सगळं आहे, संस्कृती, आणि तुला त्यातलं काही माहीत नाही.

मागच्या संक्रांतीच्या सुमारास टिकलीखाली खाज सुटायची. थंडीनं असेल म्हणून मी सोडून दिलं. माझं तुला माहीत आहे, आठवडी बाजारातलं स्वस्तातलं पाकीट घ्यायचं, आणि एकेक टिकली रात्री आरशाला लावून, सकाळी परत कपाळाला, डिंक संपेस्तोवर वापरायची. एक दिवस टिकली काढली तर तिच्या जागी तेवढाच गोल पांढरा डाग. आधी वाटलं, डिंक राहिला. घासला, तेल लावलं, चिंचेनं पण घासला. तो जाईना. मग तो झाकायला जरा मोठी टिकली आणली. तर काही दिवसांनी डाग त्या टिकलीच्याही कडेनं डोकवायला लागला. आणखी मोठी आणली. असं करत करत आता रुपयापेक्षा मोठी लावते. देवळात बायका म्हणतात, मनकर्णाबाई, साक्षात योगेश्वरी दिसता. मी हात जोडते.

आजीला न्हाणीघराच्या दारात दिसलं. मी तोंड धूत होते, ती तांब्या मागायला आली. आधी तिनं दार लावून घेतलं, मग म्हणाली, "कोड फुटलं की गं तुला." मला रडूच फुटणार होतं, पण तिनं लगेच पुढचं सांगितलं, "पोरीचं जमायचं हाय. नवऱ्यालाबी सांगायचं न्हाई. आदीच सावळी सावळी म्हणून दोन जागा मागं फिरल्या, आता आईला कोड म्हणलं तर दारात कुत्रं यायचं न्हाई." खरं सांगू? मला तेव्हा हसूही आलं. या घरात आले तेव्हापासून काळी सून म्हणून ऐकलं. लग्नातल्या फोटोत चेहरा दिसत नाही म्हणून तुझ्या आत्यांनी केवढी थट्टा केली. आता आयुष्यात पहिल्यांदा कुठं चिमूटभर गोरी व्हायला लागले, तर तेही लपवायचं.

उन्हाळ्यात डोळे तपासायचे सांगून भामाबाईबरोबर नगरला गेले होते, आठवतं? डोळ्याचं काही नव्हतं. चामडीच्या डॉक्टरीणबाईकडं गेले. तिनं टिकली काढा म्हटल्यावर माझा हात उचलेना. परक्या माणसापुढं मोकळ्या कपाळानं कधी बसलेच नव्हते. तिनं भिंग लावून बघितलं आणि म्हणाली, हे टिकलीच्या डिंकानं झालंय. त्यात काही औषध असतं, ते रंगाच्या पेशी मारतं. कुणाला होतं, कुणाला नाही. शिवल्यानं लागत नाही, आणि डिंकाचं हे पोराबाळांच्या रक्तात जात नाही. टिकली बंद करा, मलम लावा. लवकर बंद केली तर रंग परत येतो, उशीर झाला तर सांगता येत नाही. मी विचारलं, नवरा आहे, टिकली बंद कशी करू? तिनं मलमाची चिठ्ठी पुढं सरकवली.

घरी येऊन सगळं आजीला सांगितलं. ती म्हणाली, "कावून गेलतीस मला न विचारता? माझं लेकरू जितं असताना मोकळं कपाळ घिऊन फिरती व्हय?" कुंकू लावून बघितलं, तर चुलीपुढं घामानं ओघळायचं आणि लालातून पांढरं दिसायचं. मग आजीनंच तोड काढली, देवीचा नवस आहे म्हण आणि रोज मळवट भर. कपाळभर कुंकू, कुणी विचारणार नाही. ते मात्र मी ऐकलं नाही. एकदाच ऐकलं नाही. नवस बोलले नसताना देवीच्या नावानं खोटं कसं सांगू? रोज सकाळी तिच्यापुढंच बसायचं असतं मला.

तर आता साखरपुड्याचं असं ठरलंय. मी त्या दिवशी बाहेरची आहे असं पाव्हण्यांना सांगायचं. मागच्या खोलीत वेगळं बसायचं. तुझी ओटी भरायला, विहिणीच्या हातचं कुंकू घ्यायला, आई म्हणून तुझी संगीताकाकू पाटावर बसणार. तिला सांगितलंय, माझी पाळी नेमकी त्याच दिवसांत येते. तिनं नवीन पातळही घेतलं.

मी आजीपुढं मान हलवली, पण मनात वेगळं ठरवलं होतं. त्या दिवशी टिकली काढायची, तशीच पाटावर जाऊन बसायचं आणि विहीणबाईला म्हणायचं, लावा कुंकू, आणि हे काय आहे ते डॉक्टरीणबाईनं सांगितलंय तसं ऐका. बाई मोकळी आहे, ऐकून घेईल असं वाटत होतं. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं, भाकरी थापताना म्हणून बघायचे.

मग तू महालक्ष्म्यांना आलीस. जेवणाच्या दिवशी सकाळी न्हाऊन अंगणात केस वाळवत बसली होतीस. मी तुझ्या केसांना टॉवेल बांधायला वाकले. टिकली तू आत आरशाला लावून आली होतीस, माझ्यासारखीच. उन्हात तुझ्या दोन भुवयांच्या मधे मला एक फिकट ठिपका दिसला. ज्वारीच्या दाण्याएवढा. अजून पांढरा नाही, नुसता फिका. तू म्हणालीस, आई, काय बघती? मी म्हणाले, तेल राहिलंय, आणि पदरानं पुसलं. तो पुसला गेला नाही.

त्या दिवसापासून मला पाठ केलेलं वाक्य म्हणता येत नाही. तुझं एकटीचं कुणाला दिसलं, तर डिंकानं झालं म्हणता येईल. आपण दोघी एका पाटावर शेजारी बसलो आणि दोघींची कपाळं दिसली, तर कुठली डॉक्टरीणबाई आणि कुठलं काय, लोक खानदानातच आहे म्हणतील. म्हणून मी आजीला परत सांगितलं, तुम्ही म्हणता तसंच करू, मी मागं बसते. ती खूश झाली. साखरपुड्याच्या दिवशी मला देवाजवळ जाता येणार नाही, तेवढा दिवा तू लाव. हरिओमरावांना सांगायचं की नाही ते तुझं तू बघ, मला काही सुचत नाही. मी एवढंच सांगायला हे सगळं लिहिलं. टिकली काढ. हे वाचता वाचताच काढ, आणि उद्या चामडीच्या डॉक्टरकडं जा. विहीणबाईनं तुला पाठवलेली टिकल्यांची पाकिटं उघडू नकोस. कुणी काही म्हणालं तर आईनं सांगितलं म्हण. आणि काढलेली टिकली आरशाला लावून ठेवू नकोस, बाई. फेकून दे.

तुझीच,
मागच्या खोलीतून तुला बघणारी
आई