मुद्देमालातलं लुगडं

नाशिक, ऑगस्ट १९३४

प्रिय द्वारका,

तुझं पत्र मिळालं. मी वेळेवर जेवतो, काळजी करू नकोस. याहून जास्त काय लिहावं ते मला एरवी सुचत नाही, पण परवा मी भर कोर्टात बोललो. होय, मीच.

आपल्याकडे भांडी घासायला येते ती नवसाबाई तुला आठवत असेल. तिचं नदीवर वाळत घातलेलं लुगडं चोरीला गेलं. चोर कोंडाजी लुगड्यासकट सापडला. पोलिसांनी लुगडं मुद्देमाल म्हणून कोर्टात जमा केलं आणि नवसाबाईला तारीख दिली. ती गेली नाही. पुढच्या तारखेलाही नाही. मग शिपाई रावजी बजावून गेला, आता आली नाहीस तर खटला निकालात निघेल आणि लुगडं कोंडाजीला मिळेल. मी तिला विचारलं, जात का नाहीस? तर म्हणाली, "नाना, या चिंध्यांत साहेबापुढं कशी उभी राहू? धड लुगडं एकच, ते साहेबानंच ठेवून घेतलंय!"

 यावर तुझ्या आईला उत्तर सुचलं असतं. अशा बायकांबरोबर ती दशम्या बांधून कोर्टात जाऊन बसायची. चोराला सरकारी जेवण आणि सोबतीला शिपाई. जिचं गेलं तिला मात्र कोणी बस म्हणत नाही, असं म्हणायची. तिची ट्रंक मी चैत्रापासून उघडली नव्हती. ती उघडली. वरच येवल्याचं जांभळं लुगडं होतं, ते नवसाबाईला नेसायला दिलं आणि तिच्याबरोबर गेलो.

घोटाळा तिथेच झाला. कोंडाजीचा वकील उठून म्हणाला, "असलं भारी लुगडं नेसणारी बाई जुनेऱ्यासाठी कशाला भांडेल?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "बाई, हे अंगावरचं कोणाचं?" नवसाबाई खरं बोलणारी. म्हणाली, "माझं न्हाई, साहेब." सगळे हसले. कोंडाजी तर सगळ्यांत मोठ्यानं, आणि हेही चोरीचंच समजून रावजी तिच्याकडे सरकायला लागला. तेव्हा मी उभा राहिलो. म्हटलं, माझ्या बायकोचं आहे. "मग त्यांना बोलवा," साहेब म्हणाले. मी म्हटलं, ती वारली. द्वारका, हे वाक्य मी तोवर कोणाजवळ बोललो नव्हतो.

 साहेबांनी मला बसायला सांगितलं आणि नवसाबाईला चोरीच्या लुगड्याची खूण विचारली. ती म्हणाली, "पदराखाली छत्रीच्या कापडाचं ठिगळ हाय." उलगडलं तर होतंच. कोंडाजी म्हणाला, "ती नक्षी आहे." या वेळी साहेबही हसले. नवसाबाईला लुगडं मिळालं. वाटेत मला म्हणते, "बघा नाना, कोठडीत राहून कसं मळलं बिचारं!"

आईचं तिने धुऊन, घडी घालून परत आणून दिलं. तू दोनदा मागवलंस म्हणून काल ते तुझ्यासाठी बांधायला घेतलं होतं. तेवढ्यात नवसाबाई पेठ गावाकडच्या एका भिमाबाईला घेऊन दारात हजर. बाजाराच्या वाटेवर तिच्या गळ्यातलं एकानं ओढून नेलं, त्या झटापटीत लुगडंही फाटलं. चोर पकडला गेलाय. म्हणून हे पत्र. रागावू नकोस, पण आईचं लुगडं इतक्यात पाठवता येत नाही. गुरुवारी त्याची तारीख आहे.

तुझाच,
नाना