समोरची खोली आणि उरलेल्या स्क्रूंची बरणी

कुंभार पिंपळगावच्या झाकण मंडळातल्या माझ्या आजी-माजी सभासदांनो, आणि स्वतः विकत घेतलेले यंत्र उघडायला गेलात म्हणून दुकानाच्या काउंटरवर ज्यांना चोरासारखे ऐकून घ्यावे लागले अशा तुम्हा सर्वांनो,

आपली तक्रार एकच आहे. पैसे आपले, वस्तू आपल्या घरात, विजेचे बिल आपल्या नावावर, आणि आत काय आहे ते पाहायचा हक्क मात्र दुसऱ्याचा. असली मालकी मला मान्य नव्हती, आजही नाही, आणि मेल्यावर मान्य होईल असे कोणी समजू नये. बोलून मी थकलेली नाही. पण बोलणारीचा भरवसा आता कमी झाला आहे, म्हणून लिहून ठेवते.

मी, उषाबाई भ्र. पुंजाराम वरखडे, वय ७१ वर्षे, सेवानिवृत्त शिक्षिका, रा. कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी, जि. जालना, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात करून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना ते म्हणाले, "बाई, तब्येत बराबर हाय, फक्त राग कमी करा." त्यांना मी सांगितले की राग काढून घेतलात तर शुद्ध तेवढी उरेल की नाही सांगता येत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एखाद्या सभेत भाषणाच्या भरात काही वाटून टाकले असेल तर ते ग्राह्य धरू नये.

कलम १. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. पूर्वेला बाजाराचा रस्ता, दक्षिणेला मदिनाबीचे घर, पश्चिमेला बोळ, उत्तरेला तातेरावांचा गोठा आणि त्यांचा सदैव चालू असलेला रेडिओ. यापैकी मागच्या तिन्ही खोल्या, अंगण, मोरी आणि कडुनिंब माझा पुतण्या रामकिसन याला द्यावा. रामकिसनने माझे दुखणे-खुपणे काढले आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्याच्या नजरेबद्दल आहे. ती गेली काही वर्षे रस्त्याकडच्या समोरच्या खोलीवर आहे.

"काकू, त्या खोलीचं चांगलं भाडं येईन. मोबाईलच्या शोरूमवाले इचारून राह्यले. तुम्ही तिथं भंगार भरून ठुलंय."

"भंगार तुझ्या खिशात हाय, रामकिसन. त्याची बॅटरी काढून दाखव बरं."

त्याने फोन खिशातून काढला, उलटा-पालटा करून पाहिला आणि पुन्हा ठेवून दिला. "काढायची न्हाई म्हनून सांगितलंय," म्हणाला. कोणी सांगितले, हे त्याला माहीत नव्हते. समोरच्या खोलीचे काय करायचे ते पुढे येईल.

कलम २. बँकेतली ठेव रामकिसनच्या मुलीच्या शिक्षणाला द्यावी. अट एकच. ती जे काही शिकेल त्यात तिचे हात वापरले गेले पाहिजेत.

कलम ३. कुलुपे. हे कलम मिळकतीचे नाही, पण पुढचे समजायला लागेल म्हणून घालते. माझे पहिले भाषण मंठ्याला झाले, शाळेच्या पायरीवर, मी दहावीत असताना. शाळेत पुस्तकांचे काचेचे कपाट होते. कुलूप कायमचे. पोरांनी हात लावला तर पुस्तके खराब होतील म्हणे. मी विचारले, वाचून खराब झालेले पुस्तक आणि न वाचता वाळवीने खाल्लेले पुस्तक, यांत शाळेचे नुकसान कशात जास्त? कपाट उघडले. निम्मी पुस्तके वाळवीने आधीच वाचून काढली होती.

पुढे मीच एका शाळेत शिकवू लागले तेव्हा तिथे संगणक आले. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, खोलीला कुलूप, वर फुलांचा हार. पोरांना खिडकीतून दाखवायचे. चार वर्षांनी खोली उघडली तर उंदरांनी वायरी खाऊन आत संसार मांडले होते. कुलपाच्या आत जाऊन त्या यंत्राशी जवळीक साधणारे या शाळेत फक्त उंदीर निघाले, असे मी स्नेहसंमेलनात माईकवर सांगितले. माईक बंद करण्यात आला. त्या दिवशी ज्यांनी तो बंद केला त्यांना मी काही ठेवत नाही. माफीसुद्धा नाही.

कलम ४. माझ्या यजमानांनी, कै. पुंजाराम यांनी, नव्याण्णव साली जालन्याच्या एका बंद पडलेल्या कचेरीच्या लिलावातून आणलेला संगणक. तो जीपमध्ये गोधडीत गुंडाळून, मांडीवर धरून आणला होता, आजारी माणसाला आणावे तसा. घरी येताच म्हणाले, "लावायच्या आधी उघडून पाहू. आत कोन बसलंय ते तर कळू द्या." त्या संध्याकाळी झाकण काढायला दोघे जण मदतीला आले. एक कमरोद्दीनभाई, उर्दू शाळेत गणित शिकवणारे. दुसरे जिनेंद्रशेठ, तेव्हा वडिलांच्या कापडदुकानात बसायचे आणि गिऱ्हाईक नसले की कॅल्क्युलेटर खोलून बसायचे. धूळ झटकली, सगळे परत बसवले, आणि एक स्क्रू उरला. कुठला, ते सापडेना. चालू केले तर यंत्र आधीपेक्षा बरे चालले.

"बाई, कंपनीनं एक जास्तीचा दिल्ता," कमरोद्दीनभाई म्हणाले. "ठुवून द्या. बरकत येईन."

तो स्क्रू लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पडला आणि मंडळ सुरू झाले. दर रविवारी, सकाळी दहापासून, समोरच्या खोलीत. गावाने नाव ठेवले झाकण मंडळ, आम्ही ते घेतले. नियम दोनच, आणि दोन्ही जिनेंद्रशेठनी केलेले: टेबलावर आलेली वस्तू उघडलीच पाहिजे, आणि ज्याच्या वस्तूतून स्क्रू उरेल त्याने तो बरणीत टाकून सर्वांना भजी खाऊ घालायची. या नियमाने कितीतरी रेडिओ, प्रिंटर आणि मदिनाबीचे मिक्सर जिवंत झाले. सदर संगणक अजून चालतो. तो मंडळाचा आहे.

कलम ५. पासवर्ड. माझ्या कोणत्याही यंत्राला पासवर्ड नाही. माझी पत्रे ज्याला वाचायची त्याने खुशाल वाचावीत. निम्मी सरकारला लिहिलेली आहेत आणि तिकडे ती कोणी वाचलेली नाहीत, तेव्हा निदान गावात तरी वाचली जावीत. माझ्या गाण्यांच्या सीडी तातेरावांनी ऐकायला म्हणून नेल्या आणि शेतात पाखरे हाकलायला टांगल्या. त्या तिथेच राहू द्याव्यात. पाखरे अजून घाबरतात असे ऐकते. म्हणजे सीडी चालू स्थितीत आहेत.

कलम ६. आता रागाचे कलम.

जिनेंद्रशेठनी कापडदुकान मोडून मोबाईल आणि टॅबलेटचे दुकान टाकले. धंदा माणसाने बदलावा, माझी हरकत नाही. पण दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या रविवारी, ते एक नवा टॅबलेट घेऊन मंडळात आले. पाटीसारखा सपाट, कुठे सांधा नाही, एक स्क्रू नाही. सर्वांना दाखवला आणि बोलता बोलता टेबलावर ठेवून चहा आणायला आत गेले. चहा घेऊन बाहेर येतात तो कमरोद्दीनभाई केस वाळवायच्या यंत्राने त्याच्या कडा गरम करून फटीत जुने एटीएम कार्ड सारत होते.

"भाई! हे काय करून राह्यले?"

"उघडून राह्यलो."

"अहो, गिऱ्हाइकाचा हाय तो! नुसता दाखवायला आणल्ता."

"मंग हातात धरून दाखवायचा. टेबलावर ठुला की मंडळाचा. नियम कोनी केल्ता, शेठ?"

"नियम केल्ता तवा डब्याला स्क्रू व्हते. ह्याला गोंद हाय, गोंद!"

"आनि तो गोंद इकतं कोन?"

एवढ्यात काच तडकली. इकडच्या कोपऱ्यापासून तिकडच्या कोपऱ्यापर्यंत. जिनेंद्रशेठनी खिशातून दुकानातले स्टिकर काढले, ते चांदीच्या रंगाचे, 'उघडल्यास गॅरंटी रद्द' असे छापलेले, आणि ते माझ्या बरणीच्या झाकणावर चिकटवले, अर्धे झाकणावर, अर्धे गळ्यावर. "झालं मंडळ बंद," म्हणाले. कमरोद्दीनभाईंनी आपले पेचकस गोळा केले, "सलाम, बाई," म्हणाले आणि चपला हातात घेऊनच रस्त्यावर उतरले. गिऱ्हाइकाला शेठनी पदरमोड करून दुसरा टॅबलेट दिला.

त्यानंतर एकही रविवार झाला नाही. बाकीचे सभासद दोन-चार वेळा येऊन दारातून परत गेले.

कमरोद्दीनभाई, तुमच्यावर माझा राग आहे. न विचारता परक्या वस्तूला हात घालणे याला जिज्ञासा म्हणत नाहीत. जिनेंद्रशेठ, तुमच्यावर त्याहून जास्त आहे. काच फुटली ती भरून देता आली. तुम्ही बरणीवर जे चिकटवले ते त्या कंपन्यांचे वाक्य आहे. चोवीस वर्षे ज्या वाक्याविरुद्ध आपण त्या खोलीत बसलो, ते तुम्ही आपल्याच बरणीला लावलेत! आणि दोघांवर मिळून सगळ्यात जास्त राग याचा, की दोघेही माझ्याकडे येता. शेठ शनिवारी, भाई सोमवारी. चहा पिता, गुडघ्याचे दुखणे सांगता, आणि उठताना उंबऱ्याशी थांबून एकच प्रश्न विचारता: "ते कसे हायत?" मी काय तुमचे टपालखाते आहे? रस्ता ओलांडून जाऊन विचारा! ज्यांनी गोंद लावलेली यंत्रे बनवली त्यांना नेमके हेच हवे आहे. एकट्या माणसाला यंत्र उघडायची भीती वाटते. दहा जण टेबलाभोवती बसले की भीती वाटत नाही, भूक लागते.

स्टिकर मला काढता आले नसते असे नाही. नखे मलाही आहेत. पण ज्याने लावले त्यानेच काढायचे, एवढी शिस्त मी वर्गात पाळली आहे आणि घरातही पाळते.

कलम ७. माझा लॅपटॉप. रामकिसनने आणून दिलेला, जिनेंद्रशेठच्याच दुकानातला. या उन्हाळ्यात त्याची बॅटरी पुरीसारखी फुगली. दुकानातल्या नोकराने सांगितले, "आजी, आता नवीनच घ्या." मी लॅपटॉप तसाच घरी आणला. स्क्रू दिसेनात. शेवटी रबरी पाय खरवडले तर त्यांच्याखाली लपवलेले! प्रामाणिक माणूस स्क्रू पायाखाली लपवत नाही. अंगणात वाळूचे घमेले घेऊन बसले, फुगलेली बॅटरी दोऱ्याने हळूहळू गोंदातून सोडवली, वाळूत ठेवली, टपालाने मागवलेली नवी बसवली. लॅपटॉप चालू झाला. हे मृत्युपत्र त्यावरच लिहिले आहे.

आणि एक स्क्रू उरला.

नियमाप्रमाणे तो बरणीत टाकायला गेले. बरणी बंद. भजी द्यायची होती, खाणारे नाहीत. या गावात एवढ्या वर्षांत मी कोणाची भजी बुडवलेली नाही आणि ते ऋण माथी घेऊन मरण्याची माझी तयारी नाही. लॅपटॉप मदिनाबीच्या नातीला, अफ्रीनला द्यावा. ती माझे लिहिणे तपासते आणि माझ्या चुका तोंडावर सांगते.

कलम ८. समोरची खोली, टेबल, सोल्डरिंगची गन, मीटर, सर्व पेचकस आणि बरणी झाकण मंडळाला द्यावी, पण अशी: माझ्या तेराव्यानंतर जो पहिला रविवार येईल त्या दिवशी सकाळी दहा वाजता जिनेंद्रशेठ आणि कमरोद्दीनभाई दोघांनीही त्या टेबलाशी हजर राहावे. शेठनी स्टिकर स्वतःच्या हाताने काढावे. भाईंनी माझा स्क्रू आत टाकावा. एवढे झाले तर खोली कायमची मंडळाची. दोघांपैकी एक जरी आला नाही, तर खोली त्याच दिवशी रामकिसनची. मग त्याने तिथे शोरूम टाकावी, काचेचा दरवाजा लावावा, आणि तुम्ही दोघांनी रस्त्याच्या दोन बाजूंनी येता-जाता ती पाहावी. बरणी भंगारात जावी.

ही धमकी आहे. मी आयुष्यभर सभेत विनंती करत आले. विनंतीने कपाट उघडले तेव्हा आत वाळवी होती.

भजीचा खर्च माझ्या शेवटच्या पेन्शनमधून करावा. कांद्याची आणि मिरचीची, दोन्ही. ती मदिनाबीने तळावी. रामकिसनला तळू देऊ नये.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी विद्यार्थिनी अॅड. अर्पिता हिने करावी. त्या रविवारी तिने घड्याळ घेऊन खोलीत बसावे आणि दहाला पाच मिनिटे कमी असताना कोणाला बोलवायला जाऊ नये. माझ्या अंत्यविधीला कोणी भाषण करू नये. या गावातले माईक मला माहीत आहेत, आणि तुम्ही माझ्याबद्दल काय बोलाल तेही.

वरील मजकूर मी स्वतः लिहून, वाचून, खाली दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली व त्यांनी माझ्यासमक्ष केली.

ठिकाण: कुंभार पिंपळगाव
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

सही: उषाबाई भ्र. पुंजाराम वरखडे

साक्षीदार १: तातेराव. (कलम ५ मधील सीडीच्या उल्लेखास यांनी हरकत घेतली. ऐकून घेतली. उल्लेख कायम.)

साक्षीदार २: मदिनाबी. (भजीचे काम कबूल. तेल घरचे वापरणार म्हणाल्या. त्यास माझी हरकत.)

सोबत: कागदाची पुडी एक, आत स्क्रू एक, अॅड. अर्पिताच्या ताब्यात. पुडी चिकटवलेली नाही, नुसती दुमडली आहे. वर माझ्या हाताने लिहिले आहे:

जिनेंद्रशेठ, दहा वाजले. ते स्टिकर काढा.