फरशी कोरडी राहावी म्हणून

आई, आमच्या ऑफिसातल्या टॉयलेटमधून पाणी काढून टाकलं होतं. नळ बिघडला नव्हता, टाकीही रिकामी नव्हती. चांगला चालणारा जेट स्क्रू फिरवून काढला, भिंतीतलं भोक बुजवलं, त्यावर पांढरी टाइल बसवली आणि शेजारी कागदाचा रोल टांगला. जेट म्हणजे हातात धरून चाप दाबला की धार येते तो पाइप. आपल्या चाळीत तो शेवटपर्यंत आला नाही. हे सगळं झालं लोअर परळला, तुझ्या हॉस्पिटलपासून पंधरा मिनिटं चालत. तुला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला कळवण्यासारखं बरंच घडलं, नातीचं लग्नसुद्धा झालं, पण तेव्हा लिहावंसं वाटलं नाही. मध्यंतरी डोकं भडकलं आणि तू आठवलीस, कारण ढुंगण धुण्याबद्दल न हसता, न लाजता, भाजीबद्दल बोलावं तशी बोलणारी मला आयुष्यात तू एकटीच भेटलीस.

आपल्या गॅलरीच्या टोकाला चार संडास होते आणि प्रत्येक घराच्या दाराबाहेर त्या घराचं टमरेल. आपलं म्हणजे तुपाचा रिकामा डबा, वर तारेची कडी. शाळेतली कुणी मुलगी समोरून आली की मी तो फ्रॉकमागे लपवायचे. तू एकदा ते बघितलंस आणि सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलंस, "काय चोरून आणलंयस का? पाणीच आहे ना त्यात?" पुढे मला पहिली नोकरी लागली, तेव्हा पहिल्या दिवशी तू माझ्या पर्समध्ये खोकल्याच्या औषधाची बाटली ठेवलीस, उकळून, पाणी भरून. "हापिसात तांब्या-मग असेल-नसेल," म्हणालीस. मी ती काढून ओट्यावर आपटली होती. आता मी चोपन्न वर्षांची आहे, हाताखाली सहा माणसं आहेत, आणि गेले तीन महिने मी पर्समध्ये बाटली घेऊन कामाला जात होते.

तू आया होतीस तो वॉर्ड मला अजून दिसतो. मे महिन्याच्या सुट्टीत मी दुपारचा डबा घेऊन यायचे. एक दिवस येते तर तू खुब्याचं हाड मोडलेल्या एका म्हातारीपाशी आहेस. जगमधलं पाणी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला सोडून बघतेस. तिला कुशीवर वळवतेस, खाली रबरी शीट सरकवतेस आणि पुढून मागे, बारीक धारेनं पाणी सोडतेस. जुन्या चादरीचं फडकं चौपदरी घडी केलेलं, एक बाजू एकदाच वापरायची. घासायचं नाही, टिपायचं. शेवटी बोटभर खोबरेल. पलीकडच्या खाटेवर एक नवीन आया दुसऱ्या पेशंटला कोरड्या कापसानं खसाखसा पुसत होती आणि ती बाई कण्हत होती. तू तिथूनच ओरडलीस, "अगं ए, भांडं घासतेस का माणूस?" ती म्हणाली, "वीस खाटा आहेत, पाणी कुठून आणू?" तू तुझा जग तिच्या हातात दिलास आणि जेवण तसंच ठेवून दुसरा जग भरायला गेलीस. तोवर मी दाराशी नाकाला रुमाल लावून उभी होते.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना तू वळून न बघता म्हणालीस, "नाक धरलंस ते त्या म्हातारीनं पाहिलं. बोलता येत नव्हतं तिला, डोळे चांगले होते." तुझ्या पिठानं भरलेल्या हातांकडे मी जरा जास्त वेळ बघितलं असेन. तू थांबलीस, उठलीस, मोरीत जाऊन पुन्हा साबण लावून कोपरापर्यंत हात धुतलेस आणि परत भाकरी थापायला बसलीस. त्या दिवशी तू रागावली असतीस तर बरं झालं असतं.

तर ऑफिसचं सांगते. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मजल्याचं नवीन काम केलं. सुट्टी संपवून आलो तर टॉयलेट एकदम मॉलसारखं, आरसे, दिवे, वास, आणि पाणी नाही. दारावर इंग्रजीत पाटी, फरशी कोरडी ठेवा. मी ॲडमिनच्या माणसाकडे गेले. पस्तिशीचा मराठी मुलगा, शिवाजी पार्कला राहतो, बोलायला गोड. म्हणाला, "मॅडम, फ्लोअर कायम वेट राहतो. बाहेरचे व्हिजिटर्स येतात, बरं नाही दिसत."

"मग पुसून घ्या."

"तेच ना, हाऊसकीपिंगचा लोड कमी केला आपण. शिवाय स्टँडर्ड आहे मॅडम, सगळीकडे असंच असतं."

"तुझ्या घरी असंच आहे?"

तो हसला. "घरचं वेगळं, मॅडम."

घरचं वेगळं! आई, हे वाक्य ऐकून माझी कानशिलं तापली. घरी स्वतःला पाण्यानं धुवायचं आणि ऑफिसात दोनशे माणसांना कागद द्यायचा, का, तर परदेशातून वर्षात दोनदा येणाऱ्या कुणाच्या बुटाला थेंब लागू नये. मला कागदाचा राग नाही. ज्याला कागद हवा त्यानं कागद घ्यावा, धुतल्यावर कोरडं करायला मीही घेते. पण पाणी होतं ते काढून घ्यायचं आणि वर त्याला सुधारणा म्हणायचं, याचा राग आहे. आणि ज्या हाऊसकीपिंगचा लोड कमी केला म्हणे, त्या आमच्या मजल्यावरच्या मावशी. त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "माझा लोड? मला विचारलं कुणी? पाणी पुसायला सोपं असतं ताई. आता भांड्यात जे चिकटून राहतं आणि कागदानं जे तुंबतं, ते काढायला मीच आहे."

तरी मी गप्प बसले असते. बाटली नेत राहिले असते. आम्ही दहा-बारा जणी न्यायचो, एकमेकींकडे न बघता. पण माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसते, चाळिशीची, दादरहून येते. तिचं नुकतंच फिशरचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, कागद लावायचा नाही, पाण्यानं धुवायचं, कोमट असेल तर उत्तम. ती महिनाभर रजा घेऊन परत आली आणि तिनं दुपारचा डबाच उघडणं बंद केलं. विचारलं तर म्हणाली, "खाल्लं की जावं लागतं गं. घरी जाईपर्यंत धरून ठेवते." बाटलीच्या पाण्यानं भागत नाही, एका हातानं धरून दुसऱ्या हातानं धुवायला वाकता येत नाही, टाके ओढतात. मी ॲडमिनला पुन्हा सांगितलं, नाव न घेता. त्यानं काय केलं असेल? प्रत्येक टॉयलेटमध्ये ओल्या टिश्यूंची पाकिटं ठेवली, गुलाबाच्या वासाची. तिनं बिचारीनं ती वापरली. त्यातल्या सेंटानं तिला अशी आग झाली की ती आत बसून रडत होती आणि मी बाहेर बेसिनपाशी उभी राहून ऐकत होते. आठवड्याभरात त्याच टिश्यूंनी पाइप तुंबला, तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला की महिलांनी कृपया जबाबदारीनं वागावं.

त्या दिवशी मावशींनी एक मोठा मग आणला, घरून, लांब दांड्याचा, आणि तो फिनेलच्या कपाटात फडक्याखाली ठेवला. त्या बाईला त्या स्वतः पँट्रीतलं कोमट पाणी भरून द्यायच्या. "लाजू नका," म्हणायच्या, "माझ्या सुनेच्या दोन बाळंतपणांत हेच केलंय." बारा दिवस तिनं पोटभर खाल्लं. तेराव्या दिवशी कुणीतरी तो मग बघितला, फोटो काढला आणि ॲडमिनला पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दिसल्या नाहीत. कंत्राटदारानं त्यांना अंधेरीच्या कुठल्याशा बिल्डिंगमध्ये पाठवलं होतं. मी ॲडमिनला सांगितलं, तो मग माझा आहे, मीच ठेवायला लावला. खोटं होतं, पण मी ते लिहूनसुद्धा दिलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही कशाला मध्ये पडता? तिला काढलं नाहीये, फक्त शिफ्ट केलंय."

आता ऐक. आमच्या डायरेक्टरच्या केबिनला लागून त्यांचं स्वतःचं टॉयलेट आहे. ते साफ करायच्या मावशी, म्हणून मला माहीत होतं की तिथे एक बाहेरून मागवलेलं कमोड आहे. बटण दाबलं की खालून कोमट पाणी येतं, धार कमी-जास्त करता येते, आणि मग गरम हवेनं कोरडंही होतं. मी हे ॲडमिनला सांगितलं असतं तर दोष मावशींवर गेला असता. म्हणून मी ठरवलं की आपण स्वतः बघायचं. डायरेक्टर मीटिंगला गेले होते. मी केबिनमधून सरळ आत गेले, कडी लावली आणि बसले. हसू नकोस. तीस वर्षांच्या नोकरीत मी कधी विचारल्याशिवाय कुणाचं पेनसुद्धा उचललं नाही. बटणावरची चित्रं कळायला वेळ लागला, पहिल्यांदा धार पाठीवर आली. पण मग ते पाणी आलं, आई, अगदी तू मनगटावर बघायचीस तेवढं कोमट. आणि मला इतका संताप आला की डोळे भरले. पाणी वाईट असतं तर यांनी स्वतःसाठी एवढी सोय कशाला केली असती?

दार उघडलं तर समोर डायरेक्टर आणि त्यांच्या मागे आमचा ॲडमिनवाला. डायरेक्टर गोंधळले. "सब ठीक है?" त्यांनी विचारलं. पळून जायला जागा नव्हती. मी म्हटलं, "ठीक नाही सर. इथे पाणी आहे, तेही गरम. आमच्याकडे साधं गारसुद्धा का नाही?" त्यांना मराठी बऱ्यापैकी कळतं. ते ॲडमिनकडे बघायला लागले. तो इंग्रजीत स्टँडर्डबद्दल काहीतरी बोलला. मी थांबले नाही. ऑपरेशन झालेलं माणूस इथे उपाशी बसतं, जिनं तिला पाणी दिलं त्या बाईला तुम्ही अंधेरीला पाठवलं, आणि तुंबलेल्या पाइपबद्दल आम्हाला शाळेतल्या पोरींसारखं ग्रुपवर ओरडलात, सगळं सांगितलं. आवाज चढला होता, बाहेर कीबोर्ड थांबलेले मला ऐकू येत होते. डायरेक्टर एवढंच म्हणाले, "मुझे पता ही नहीं था." खरंच माहीत नसेल. ज्याच्या सीटखाली कोमट पाणी येतं त्याला बाकीचे काय करतात हा प्रश्न पडेलच कशाला?

तीन आठवड्यांनी जेट परत लागले, सगळ्या टॉयलेटमध्ये. नवीन टाइल फोडून. मेल आला की कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी ही नवी सुविधा सुरू करताना आम्हाला आनंद होत आहे. नवी सुविधा, म्हणे! कुणी माफी मागितली नाही. शेजारची आता डबा खाते. परवा तिनं मला कोलंबीचं लोणचं आणून दिलं. मावशी मात्र परत आल्या नाहीत. मी दोनदा डायरेक्टरना भेटले, कंत्राटदाराला फोन केले. तो म्हणतो जागा भरली. त्या डोंबिवलीला राहतात, अंधेरीला जायचं म्हणजे रोज तासभर जास्त. मी फोन केला तर त्यांनीच मला समजावलं. "पाणी आलं ना ताई? मग झालं. इथली माणसं पण बरी आहेत." मला ते "मग झालं" अजून गिळता आलेलं नाही.

ऑफिसात आता काही मुली मला बघून टाळ्या वाजवतात. एकीनं तर विचारलं, एवढी हिंमत कुठून आणलीत? मी तिला हसून टाळलं. तुझं नाव सांगायला हवं होतं, आणि तेच लिहायला मी आज सकाळपासून बसले आहे, बाकी सगळं लिहून झालं तरी ते होत नाही. त्या दिवशी डायरेक्टरसमोर मी आणखी एक वाक्य बोलले होते, ते वर गाळलं. आजाऱ्याला कागद का लावू नये हे मी इतकं तपशिलात सांगत होते की ते म्हणाले, "आपको इतना कैसे मालूम?" मी म्हटलं, "माझी आई इथेच परळला हॉस्पिटलात होती." एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण दोघंही माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नर्स होती."