टेबलासकट पुढची खोली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तावन्न, अविवाहित, व्यवसाय इमारतींचे नकाशे काढणे, राहणार वडिलांनी माझ्या नावावर केलेल्या याच घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. स्मरणशक्ती तर इतकी चांगली आहे की नातेवाइकांना तिचा त्रास होतो. मी कोणाच्याही दबावाखाली नाही, हे वाक्य घालाच म्हणून वकीलसाहेब अडून बसले आहेत, तर घातलं. दबाव आहे तो रक्ताचा. त्यावर गोळी चालू आहे.

पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. सर्जन म्हणाले, "काळजी करू नका, आमचं रोजचंच काम आहे." त्यांचं रोजचं असेल, माझं पहिलंच आहे. मी काही न लिहिता गेले तर हे घर आणि शेजारचा मोकळा प्लॉट माझ्या एकुलत्या एका भावाकडे, म्हणजे दादाकडे जाईल, आणि डोळ्यांतलं पाणी पुसून होताच दादा ते दोन्ही करमणूक केंद्र नियोजन व निधी समितीच्या हवाली करील. तसं होऊ नये, एवढ्यासाठीच हा कागद.

कलम १. समितीबद्दल.

हे कलम कोणाला काही देत नाही. वकीलसाहेबांनी ते दोनदा खोडलं, मी तीनदा लिहिलं.

आमच्या वस्तीत म्हाताऱ्यांना बसायला, पोरांना खेळायला आणि बायकांना घराबाहेर पडायला जागा नाही, म्हणून ही समिती निघाली. अध्यक्ष माझा दादा. तो वजनमापे खात्यातून निवृत्त झाला आहे. सबंध आयुष्य त्याने दुसऱ्यांची मापं तपासली. खजिनदार सिमेंटवाले. महिला प्रतिनिधी म्हणून एक बाई लागत होती, तिथे दादाने स्वतःची बायको घातली. वहिनीला ते चार दिवसांनी, सही करायची वेळ आली तेव्हा कळलं.

जागा माझी. मी तेव्हाच तोंडी सांगितलं होतं, "दादा, टेबल टेनिसचं टेबल मांडून चारी बाजूंनी माणूस मोकळा हलेल, असं केंद्र बांधा. त्या नकाशावर समितीचा शिक्का पडला की प्लॉट तुमचा." पहिला नकाशा मीच काढला, आणि फुकट काढला. एक मोठा हॉल, दोन्ही अंगांनी खिडक्या, मागे स्वच्छतागृह, पुढे बसायला ओटा. आजवर काढलेल्या नकाशांतला तो सगळ्यात साधा आणि मला सगळ्यात आवडलेला.

मग निधी सुरू झाला.

सिमेंटवाल्यांनी पहिली देणगी दिली आणि आपल्या वडिलांचं नाव एका भिंतीवर मागितलं. मागणी रास्त होती. दुसऱ्याने दुसरी भिंत घेतली, तिसऱ्याने तिसरी. चौथीनंतर इमारतीच्या भिंती संपल्या, देणगीदार संपले नाहीत. दादा नकाशा घेऊन आला. म्हणाला, "अगं, मध्ये एक भिंत घाल ना. आडोसाच तो."

"हॉलच्या मध्ये कसला आडोसा?"

"देणगीदार चांगला आहे."

घातली. मग त्या भिंतीला काटकोनात दुसरी. मग खिडक्यांचा विषय निघाला. सिमेंटवाले खरोखर हैराण होऊन मला म्हणाले, "बाई, तुम्ही एवढ्या खिडक्या काढता, पण खिडकीवर नाव लिहायचं कुठे?" खिडक्या गेल्या. आजच्या मंजूर नकाशात हॉलच्या जागी अकरा खोल्या आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या खोलीत टेबल मावतं, माणूस मावत नाही. हे मी बैठकीत फूटपट्टी लावून दाखवलं. वजनमापे खात्याच्या माजी निरीक्षकाने फूटपट्टीकडे बघितलं आणि म्हणाला, "खेळणाऱ्यांनी जरा आखूड खेळावं."

कलम २. टेबलाबद्दल.

देणगीदारांना काम सुरू झाल्यासारखं दिसावं, म्हणून समितीने पहिल्याच निधीतून टेबल आणलं, फीत कापली, फोटो काढले आणि ते "दोन-चार दिवसांसाठी" माझ्या पुढच्या खोलीत ठेवलं. माझा सोफा तेव्हापासून वरच्या खोलीत उभा आहे, आडवा करायला जागा नाही. टेबल समितीच्या मालकीचं असल्यामुळे ते मी कोणाला देऊ शकत नाही, असं वकीलसाहेब म्हणतात. मान्य. ते काढून सिमेंटवाल्यांच्या गोदामात न्यावं असा ठराव दरवर्षी येतो, हेही इथे नोंदवून ठेवते. समितीची कोणतीही वस्तू सर्व सभासदांच्या एकमताशिवाय हलवायची नाही, हा नियमही सिमेंटवाल्यांनीच करून घेतला होता. दादा खुर्च्या लग्नाला भाड्याने देईल अशी त्यांना भीती होती. टेबल त्या नियमामुळे जागेवर आहे. ठरावाच्या विरुद्ध दरवेळी एकच मत पडतं. गुप्त मतदान असल्यामुळे ते कोणाचं हे दादाला अजून कळलेलं नाही.

आज कळेल. दादा, ते तुझ्या बायकोचं.

कलम ३. वहिनीला.

दर नव्या भिंतीला दादा सुधारित नकाशाची गुंडाळी वहिनीकडे द्यायचा, "हे नेऊन दे आणि झालं की घेऊन ये." मी आतल्या खोलीत भिंत काढायची, वहिनी पुढच्या खोलीत थांबायची. पहिल्या वेळी तिने नुसता टेबलावरून हात फिरवला. दुसऱ्या वेळी बॅट उचलली. तिसऱ्या वेळी पुढच्या खोलीतून आवाज आला, "वन्सं, हा चेंडू परत आला तर काय करायचं?"

मी पेन्सिल खाली ठेवली. तेव्हापासून एका भिंतीला सगळी दुपार लागू लागली.

दादा कुरकुरायचा. "एक रेघ मारायला एवढा वेळ?"

"भिंत आहे दादा. घाईत काढली की कोसळते."

समितीचा निधी जसजसा वाढला, तसतसा वहिनीचा बॅकहँड सुधारला. या वस्तीत करमणूक केंद्राच्या योजनेचा प्रत्यक्ष लाभ झालेली ती एकमेव व्यक्ती आहे. पहिल्या भिंतीला ती माझ्या दारातल्या पायऱ्या चढताना दोनदा थांबायची. सातव्या भिंतीला तिने मला हरवलं. नवव्या भिंतीला पोस्टातून निवृत्त झालेले नेटकाका दुपारी येऊ लागले. त्यांचा प्रत्येक दुसरा चेंडू जाळीत जातो म्हणून हे नाव, आणि वहिनी त्यांना रोज म्हणते, "काका, चेंडू पलीकडे द्यायचाय, पाकिटात घालायचा नाहीये." ही तीच बाई, जी तीस वर्षं दादाच्या घरात "तुम्ही म्हणाल तसं" याच्या पुढे गेली नव्हती. मागच्या महिन्यात दादाने माझ्यादेखत तिला विचारलं, "चहात साखर कमी का?" वहिनी म्हणाली, "डबा तुमच्या डाव्या हाताला आहे." दादा बराच वेळ डाव्या हाताकडे बघत बसला.

अकरावी भिंत झाली आणि भिंती संपल्या. आता गुंडाळी नाही, निमित्त नाही, तरी ती येते. दादाला वाटतं माझी तब्येत बघायला येते. तसं म्हणायला हरकत नाही. हरले की माझी तब्येत बिघडते.

मी नसले की हे दार बंद होईल, तिची दुपार पुन्हा दादाच्या चहापाशी येऊन थांबेल, आणि याबद्दल ती एक शब्दही बोलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. झडपेपेक्षा मला त्याचीच धास्ती जास्त आहे.

म्हणून हे राहतं घर, पुढची खोली, आतल्या खोल्या, वर उभा असलेला सोफा आणि सर्व किल्ल्या मी माझ्या वहिनीला, तिच्या एकटीच्या नावावर, कायमच्या देत आहे. "एकटीच्या" हा शब्द वकीलसाहेबांनी दोनदा अधोरेखित करावा. तिचे पांढरे कॅनव्हासचे बूट माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत. ते आधीपासून तिचेच आहेत. दादाला पुरावा लागलाच तर बघून घ्यावा.

कलम ४. मोकळा प्लॉट.

प्लॉट मी समितीला देते. दादा, एवढ्यात उठू नकोस, अट आहे. या जागेवर भिंत बांधायची नाही. छप्पर चालेल, फरशी चालेल, खांब चालतील. स्वच्छतागृहाला भिंती लागतात, तेवढ्या बांधाव्यात. तिथे नाव लावायला कोण तयार होतं ते मला वरून बघायचं आहे. खांबांवर नावं लिहायला माझी ना नाही. वाचणाऱ्याला खांबाभोवती फिरावं लागेल, तेवढाच व्यायाम. दोन वर्षांत छप्पर उभं राहिलं नाही तर प्लॉटही वहिनीचा.

ज्यांनी भिंती घेतल्या त्यांना फसवू नये. त्या सर्वांची नावं घराच्या कुंपणाच्या भिंतीवर, एका ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरांत काढावीत. सिमेंटवाल्यांना "दर्शनी भाग" हवा होता. कुंपणाचा सगळ्यात दर्शनी भाग फाटकाजवळ आहे, जिथे वस्तीतली कुत्री थांबतात. तो त्यांना द्यावा.

कलम ५. दादाला.

दादा वाईट नाही. वडिलांच्या आजारपणात रात्ररात्र त्यांच्या उशाशी बसला तो दादाच, आणि मी ऑफिसात नोकरीला लागले तेव्हा माझा पहिला ड्रॉइंग बोर्ड डोक्यावर घेऊन चालत आला तोही तोच. तो बोर्ड मी त्याला देते. त्या ऑफिसात मी वीस वर्षं दुसऱ्यांची घरं काढली. तिथल्या एका साहेबांनी मला लग्नाचं विचारलं होतं आणि त्याच वाक्यात हे घर कोणाच्या नावावर आहे तेही विचारलं होतं. मी त्यांना घराचा नकाशा भेट दिला, प्रमाणात काढलेला. पुढे मशीन आलं, माझ्या पेन्सिलीचं काम गेलं, आणि उरलेलं आयुष्य समितीने भिंती देऊन भरून काढलं. त्याबद्दल आभार.

प्लॉटवर आजपर्यंत तीन कोनशिला बसवल्या गेल्या. दोन दादाच्या नावाच्या आहेत, एकीवर तारीख चुकली आहे. तिन्ही दादाला. पहिल्या नकाशाची मूळ प्रत मात्र त्याने फ्रेम करून त्याच्या बैठकीच्या खोलीत लावावी, म्हणजे समितीच्या सभासदांना दर बैठकीला समोर दिसेल.

शिवाय दादाला दुपारी या घरात येण्याचा हक्क राहील. खेळायचं असेल तर वहिनी शिकवेल. पहिले काही दिवस चेंडू उचलावे लागतात, तसे सगळ्यांनाच लागले. तिने "थोडं वाका" म्हटलं की वाकायचं. कंबर दुखते म्हणून तिच्याकडे चहा मागायचा नाही.

कलम ६. बाकीचं.

बँकेत जे असेल त्यातून आधी इस्पितळाचं भागवावं, उरलेल्यातून चेंडू आणावेत. पट्ट्या, कंपास आणि पेन्सिली वस्तीतल्या ज्या मुलीला सरळ रेघ मारायची हौस असेल तिला. मुलगी मिळाली नाही तर थांबावं, मिळेल. माझा फोटो कुठल्याही भिंतीवर लावू नये. भिंतींचा मला आता कंटाळा आला आहे.

कलम ७. हे सह्यांच्या वेळी जोडलं आहे.

साक्षीदार म्हणून नेटकाका आणि कोपऱ्यावरचे चष्मेवाले आले. आम्ही बोलत असताना वहिनी चहा घेऊन आली आणि पेन बघून म्हणाली, "मीपण करते की सही. माझं अक्षर चांगलं आहे."

वकीलसाहेब गडबडले. "वहिनी, तुम्हाला नाही करता येणार."

"का? समितीत तर सगळीकडे माझीच सही घेतात."

"ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं."

नेटकाका छताकडे बघू लागले. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. वहिनीने ट्रे खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी या वयात पहिल्यांदाच तिच्या नजरेला नजर देऊ शकले नाही.

"मला काय मिळणार आहे, वन्सं?"

"टेबल सोडून सगळं," मी म्हटलं. "टेबल समितीचं आहे."

ती वकीलसाहेबांकडे वळून म्हणाली, "या ऑपरेशन करून धडधाकट परत आल्या, तर हा कागद चालतो का?"

"जिवंत माणसाचं मृत्युपत्र कसं चालेल?"

"मग बरं," ती म्हणाली. "यांची सर्व्हिस अजून कच्ची आहे."

वरील सर्व मी वाचून पाहिलं आहे आणि मला मान्य आहे.

साक्षीदार: नेटकाका (सही चौकटीबाहेर गेली आहे, ग्राह्य धरावी). चष्मेवाले (दोनदा वाचून सही केली).

मृत्युपत्राची अंमलबजावणी: वकीलसाहेब.

ठिकाण: पुढची खोली. कागद मांडायला एवढी मोठी सपाट जागा घरात दुसरी नाही, म्हणून टेबलावरची जाळी काढून सह्या केल्या.

दिनांक: या महिन्याचा दुसरा मंगळवार. हाच समितीच्या बैठकीचा दिवस. महिला प्रतिनिधी इथे असल्यामुळे गणसंख्या भरली नाही आणि बैठक तहकूब झाली, असा दादाचा निरोप आताच आला आहे. वहिनी बूट घालून, हातात जाळी घेऊन माझ्या डोक्याशी उभी आहे, टेबल अडलंय म्हणते. तेव्हा इथेच सही करून उठते.