मुंग्या कुणाच्या

३ मार्च

साखरेच्या डब्यात मुंग्या. वरवर नाही – तळापर्यंत! झाकण मी स्वतः घट्ट लावलं होतं. कुठून आल्या हे विचारायलाच नको. ओट्यामागच्या भिंतीतून, म्हणजे जाऊबाईंकडून.

दोन वर्षांपूर्वी ही भिंत नव्हती. एक लांबलचक ओटा होता आणि त्याच्यापाशी आम्ही दोघी जावा नऊ वर्षं कोपराला कोपर लावून राबलो. मग माझा नवरा आणि मोठे दीर भांडले. कशावरून, ते आता दोघांनाही धड सांगता येत नाही. भांडण भावांचं आणि भिंत बायकांच्या ओट्यावर! गवंड्याने ओटा मधोमध कापला. तेव्हापासून जाऊबाईंशी अबोला. नवऱ्यांचं भांडण आम्ही त्यांच्यापेक्षा जास्त इमानाने चालवतोय.

४ मार्च

थाळीत पाणी, पाण्यात डबा. साखर सुरक्षित. मुंग्या बिस्किटांत.

६ मार्च

दुकानातून भिंग आणलं. चष्म्याच्या दुकानात नोकरी करण्याचा एवढाच काय तो फायदा. अर्धा तास ओट्यावर ओणवी होते. नवरा म्हणाला, मुंगी ती मुंगी. त्याला माणसांतलाही फरक कळत नाही, मुंग्यांचं काय घेऊन बसलात!

एकूण चार जाती. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी लाल – चावतात, तासभर आग होते. खिडकीत काळ्या, लांब पायांच्या – चावत नाहीत, नुसत्या सैरावैरा पळतात आणि काम काहीच करत नाहीत, मोठ्या दिरांसारख्या. बाहेर पायरीशी मुंगळे, ते आपल्या कामात. आणि ओट्यावरच्या या: तिळाहून बारीक, डोकं काळं, पोट इतकं फिकट की फरशीवर नुसती डोकीच चालल्यासारखी वाटतात. निष्कर्ष: पहिल्या तिन्ही जाती आमच्या, घरंदाज. चौथी पलीकडची.

सासूबाई सहा महिने इकडे असतात, सहा महिने तिकडे. सध्या तिकडे. संध्याकाळी पायरीवर भेटल्या तर म्हणाल्या, पलीकडे सगळे म्हणतात, मुंग्या तुझ्याकडून येतात. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

९ मार्च

फवारा आणला. आख्खा डबा रिकामा केला. नवरा खोकत खोकत अंगणात गेला. ओट्यावर एकही मुंगी नाही. एकही नाही!

१२ मार्च

आहेत. पूर्वी एक रांग होती, आता तीन. नळाखालून, स्विचच्या चौकटीतून, खिडकीच्या फटीतून. नवरा म्हणाला, तू फवारलंस की वाढवल्यास? त्याला बिस्किटांतल्या मुंग्या निवडायला बसवलं.

१५ मार्च

आता पुरावाच हवा. केकमध्ये घालतात तो हिरवा रंग साखरपाण्यात कालवला आणि थेंब ओट्यावर ठेवला. दहा मिनिटांत रांग लागली. प्यायल्या आणि त्यांची फिकट पोटं हिरवीगार झाली! मग सगळ्या हिरव्या बायका नळामागच्या भोकातून भिंतीत शिरल्या. म्हणजे खायला माझ्याकडे आणि राहायला तिकडे. उद्या सासूबाईंना भिंगातून दाखवते. बघू मग कोण तोंड वर करून बोलतंय.

१६ मार्च

ओट्यावर लाल पोटाची मुंगी.

तीनदा पाहिलं. लालच. आणखी सात-आठ होत्या. मी लाल रंगाला हातही लावलेला नाही.

जाऊबाई शाळेत विज्ञान शिकवतात. म्हणजे भिंतीच्या त्या बाजूला, माझ्यापासून हातभर अंतरावर, त्याही साखरपाणी कालवत होत्या – माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून! मला इतकं हसू आलं की ओटा धरून खालीच बसले. मग हसू थांबलं. ही गोष्ट जिला सांगावी अशी जगात एकच बाई आहे, आणि तिच्याशी मी बोलत नाही.

सासूबाईंना काही दाखवलं नाही.

१८ मार्च

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. तो आला तो पलीकडच्या दारातून! त्यांनीही आजच बोलावला होता. मी विचारलं, मुंग्या मूळ कुणाच्या? तो म्हणाला, “भिंतीच्या. घर भिंतीत आहे, बाई. दोन्हीकडे जेवतात.”

वर माझी शाळाच घेतली. या जातीत राण्या अनेक असतात. फवारा मारला की घाबरून वेगवेगळं बिऱ्हाड करतात, एकाची तीन घरं होतात. मी फवाऱ्याचा रिकामा डबा पायाने ओट्याखाली सारला. उपाय म्हणाला तो असा: फवारा बंद. साखरपाण्यात अगदी चिमूटभर बोरिक पावडर – कॅरमवर टाकतात ती – बाटलीच्या झाकणात घालून रांगेपाशी ठेवायची, मुलाबाळांच्या हाताला लागणार नाही अशी. जास्त घातली तर मुंगी वाटेतच मरते, राणीपर्यंत खाऊ पोचतच नाही. आणि हे दोन्ही घरांत एकाच दिवशी, नाहीतर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे आयुष्यभर चालू राहील. “ताईंशी बोलून दिवस ठरवा,” म्हणाला आणि गेला. जणू काही सोपंच आहे.

२० मार्च

नवरा म्हणाला, आईकरवी निरोप दे. सासूबाईंनी निरोप पोचवला तर त्याचं नवंच भांडण होईल. स्वतःच गेले. अंगण ओलांडून तेवीस पावलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

जाऊबाईंनी दार उघडलं. जरा वाळल्यात. मी तोंड उघडायच्या आधी त्यांनीच विचारलं, “हिरवा तुझा का?”

“हो. लाल तुमचा?”

“नववीच्या वर्गातून आणला.”

दोघी दारातच हसत सुटलो. मोठे दीर वर्तमानपत्राआडून बघत राहिले.

रविवारी चार वाजता, असं ठरलं.

२३ मार्च

चार वाजता त्यांनी भिंतीवर लाटणं आपटलं. मी झाकण ठेवलं. मुंग्या नुसत्या तुटून पडल्या. हात शिवशिवत होते, पण एकही मारली नाही.

२७ मार्च

रोज चारला ठकठक. “किती गं?” – “साठेक. तुमच्याकडे?” मग भिंतीशी कान लावून बाकीचं. त्यांना वाचताना अक्षरं फुटतात. दोन वर्षं डोळे तपासलेले नाहीत. मी म्हटलं, उद्या दुकानात या, मी बघते. त्यांची आई पावसाळ्यात गेली. तेरा दिवस मी इथेच भिंतीअलीकडे होते, आणि भेटायला गेले नाही. मी तसं बोलले.  पलीकडून म्हणाल्या, “तुझी वाट पाहिली होती मी.”

ओट्यापाशी उभी राहून रडले. नवऱ्याने विचारलं, मुंग्या वाढल्या का? हो म्हटलं.

३१ मार्च

चष्मा झाला. त्यांना शोभतो. आजचा आकडा नऊ.

४ एप्रिल

इकडे शून्य. तिकडे शून्य. पेस्ट कंट्रोलवाला फोनवर म्हणाला, अभिनंदन, राण्या गेल्या. नवऱ्याने हे यश आपलंच असल्यासारखं सासूबाईंना सांगितलं. मोठे दीर तिकडून म्हणाले म्हणे, बरं झालं, आता ये-जा नको.

७ एप्रिल

चारला ठकठक नाही. मीही केली नाही. काय विचारणार? काल तेवीस पावलांतली दहा चालले आणि परत फिरले. हातात काही काम नसताना त्या दारात उभं कसं राहायचं, ते मला येत नाही. त्यांनाही येत नसणार. ओटा असा स्वच्छ कधीच नव्हता. बघवत नाही.

९ एप्रिल

आज झाकणात साखरपाणी कालवलं. पावडर घातली नाही. नळामागच्या भोकाशी ठेवलं.