दीड इंचाने बुटकं घर

प्रिय लेम्पीताईस,

धाकट्या रेइनोचा नमस्कार. गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? आम्ही इथे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण मजा कसली डोंबलाची! माझं टाळकं सटकलंय.

हेल्मीच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती जिना बसून, उलटी, पायरी पायरी करत चढते (न्हाणीघर वरच आहे ना मेलं), आणि ते मला बघवत नाही. म्हणून जिना नसलेलं घर बांधायचं ठरलं. छप्पर चढायला हवं पंधरा नोव्हेंबरच्या आत. पंधराला हरणांची शिकार सुरू झाली की आपल्याकडे दाताचा डॉक्टरसुद्धा जागेवर सापडत नाही, तिथे सुतार कुठून मिळणार? आणि मग बर्फ.

मी नकाशा नेहमीसारखा पाकिटाच्या पाठीमागे काढणार होतो. चाळीस वर्षं तसाच काढला, एकही घर पडलेलं नाही. पण आमचे जावईबापू ट्रेव्हर कॉम्प्युटर घेऊन हजर! म्हणे, बाबा, यात घर काढा, लाकडाची यादी आपोआप निघते. काय तो प्रोग्रॅम, ताई! स्वयंपाकघरात न मागता फुलांची कुंडी ठेवतो. दिवाणखान्यात एक बाई उभी करतो (कोण ती? हेल्मीने दोनदा विचारलं). सौना म्हणजे काय ते मात्र त्याला ठाऊक नाही, तिला 'अडगळीची खोली' म्हणतो! आपली माणसं जिथे आठवड्याचा घाम काढतात त्या वाफेच्या सौनाला अडगळ! मी रागाने दोन-चार ठिकाणी हात लावला असेल, तोही सुधारायलाच.

यादी निघाली. दुकानाने यादीबरहुकूम दोनशे बारा उभे वासे कापून पाठवले. पहिली भिंत उभी केली, टेप लावला. दीड इंच बुटकी! सगळेच वासे दीड इंच आखूड, आणि कापलेलं लाकूड दुकान परत घेत नाही. मी दुकानात चारचौघांदेखत ट्रेव्हरला गाढव म्हणालो. त्याने मान खाली घातली आणि खिळ्यांचे पैसे भरले. मग काय करणार? शेवटी घरी हेल्मी खुर्चीतून म्हणाली, "अहो, वर आणखी एक आडवी फळी ठोका की. दीड इंचाचीच तर असते." झालं, जमलं. पण माझा राग काही उतरलेला नाही, उतरणारही नाही.

तुझा,
रेइनो

ता. क. : वरचं परवा लिहिलं. तुला लिहिताना त्या प्रोग्रॅमला नेमकी शिवी द्यावी म्हणून काल कॉम्प्युटर उघडला. 'फळीची जाडी : दोन इंच.' ताई, ते मीच केलंय. ऑगस्टमध्ये तिथे दीड पाहून माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. बाबांच्या लाकूड कापायच्या गिरणीत दोन म्हणजे दोनच इंच असायचे, दुकानं रंधा मारून दीड देतात आणि नाव दोनचं लावतात, ही लबाडी मी खपवून घेणार नव्हतो. प्रत्येक भिंतीला खाली एक आडवी फळी, वर दोन, हिशेबात तिन्हींचा अर्धा-अर्धा इंच वाढला आणि वासे तेवढे आखूड निघाले. तू ट्रेव्हरला फोन कर. मी चुकलो म्हणून सांग. माझी जीभ रेटत नाही.

ता. क. : वन्सं, मी हेल्मी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलंय. ट्रेव्हरला ही चूक कुणाची ते पहिल्याच दिवशी कळलं होतं, मलाही. तो म्हणाला, "आई, बोलू नका. बाबा माझ्यावर चिडलेत तोवर भिंती उभ्या राहतायत." आणि खरंच, वन्सं, रागाच्या भरात ह्यांनी नऊ दिवसांत सगळ्या भिंती उभ्या केल्या. काल चूक आपली आहे हे कळल्यापासून लाकडाच्या ढिगावर कॉफीचा कप धरून बसलेत. हातोडीला हात नाही. छप्पर तसंच राहिलंय, आणि मला आणखी एक हिवाळा तो जिना नकोय. तेव्हा ट्रेव्हरला फोन राहू द्या. हे पत्र मिळाल्याबरोबर ह्यांना फोन करा आणि ह्यांचं टाळकं पुन्हा सटकेल असं काहीतरी बोला.